रकाना सात

मेसच्या नोंदवहीला सात रकाने आहेत.
अनुक्रमांक, नाव, खोली, सकाळ, संध्याकाळ, सही,
आणि शेवटचा: वाया गेलेले.
अकरा वर्षं मी तो भरतोय.
थंडीत गंगापूर धरणाकडून वारं सुटतं,
शाई गोठते,
बॉलपेन आधी तळहातावर चोळावं लागतं.

'मेस बंद करणेबाबत'
असा अर्ज खिडकीखालच्या फटीतून आत आला,
त्याच्यामागे यमुना भोये,
खोली एकवीस, तालुका सुरगाणा, बीएस्सी दुसरं वर्ष.
कारण: घरगुती.
या शब्दात अख्खं घर मावतं, मला माहीत आहे.
मीही लिहिला होता एकदा,
याच नाशकात, दुसऱ्या एका खिडकीवर,
आणि महिनाभर नळाचं पाणी पिऊन
संधी-समासाचे तास केले होते.

मी नियम सांगितला.
परतावा सलग पंधरा दिवसांनंतर. पालकांची सही लागेल.
अंगठा चालेल ना, तिने विचारलं.
फॉर्मवर अंगठ्याला जागा नव्हती.
समासात पट्टीने एक चौकोन आखून दिला.

तेव्हा तिची बोटं दिसली.
कात्रीने पडलेला घट्टा, अजून ओला.
रविवारी पहाटे साडेपाचला दिंडोरीकडे टेम्पो जातो,
वसतिगृहातल्या सहा-सात मुली त्यात उभ्या,
द्राक्षाच्या विरळणीला.
गेटवरच्या वहीत लिहितात: नातेवाइकांकडे.
एका घडातले निम्मे मणी कापायचे,
म्हणजे उरलेले फुगतात, चकाकतात,
पेटीत बसून समुद्रापार जातात.
आणि कापलेले?
"ते पायाखाली येतात, सर. चालताना."
एवढं बोलली, मग पावती मागितली.

समुपदेशन कक्ष पहिल्या मजल्यावर आहे,
मंगळवार-शुक्रवार, तीन ते पाच,
दारावर हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर.
तिकडे पाठवायची चिठ्ठी माझ्याकडे छापून ठेवलेली असते.
मी तिला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला पाठवलं.

तिथे ताराबाई.
तिच्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा,
त्यात गुलाबी कुपनं:
शनिवारी गावी गेलेल्यांची,
बाहेरून पिझ्झा मागवलेल्यांची,
कुणाशी तरी फिसकटलं म्हणून न जेवलेल्यांची,
आणि त्या एका मुलाची,
जो परीक्षेच्या आदल्या रात्री बॅग घेऊन गेला
आणि आलाच नाही; अख्खा महिना, कोरा करकरीत.
ताराबाई काही विचारत नाही. नाव तर नाहीच.
"मीठ बघ गं जरा, मला सर्दीनं कळंना,"
म्हणत ताट पुढे सरकवते.
मी इथे लागलो तेव्हापासून
ताराबाईला सर्दी आहे.

मार्चमध्ये तपासणीला साहेब आले.
पानं उलटत सातव्या रकान्यावर बोट ठेवून थांबले.
रोज बारा-तेरा ताटं? सुट्टीच्या दिवशीही?
देवरे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं,
मग खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे.
मी म्हणालो, काय करणार साहेब,
आजकालच्या पोरांना अन्नाची किंमतच नाही.
बोलताना जीभ अडखळली नाही,
याचं मला रात्री नवल वाटलं.
साहेबांनी लाल शेरा मारला:
'अन्न वाया घालवू नये' असा फलक दर्शनी भागात लावण्यात यावा.

लावला.
खिळा ताराबाईनेच ठोकला, वरवंट्याने.
फलकाखाली यमुना जेवत होती,
वरणात भाकरी कुस्करून,
डाव्या कोपराने पुस्तकाचं पान दाबून धरलेलं.
मी वही उघडली,
उकाडा होता तरी सवयीने पेन तळहातावर चोळलं,
आणि तेरा लिहिलं.
मागच्या दाराशी
एक अनोळखी चप्पल दिसली, एका बाजूने झिजलेली.
तेराचे चौदा केले.