मधलं घर

टर्लो काउंटीत जानेवारीपर्यंत चौदाशे अकरा घरं होती.
सगळी रांगेत उभी केली, सर्वात कमी कमाईपासून सर्वात जास्तीपर्यंत,
की सातशे सहावं घर मधलं.
अलीकडे सातशे पाच, पलीकडे सातशे पाच.
सरासरी नव्हे, मध्यक.
सरासरीला क्विन्बी फीडलॉटचा एकटा मालक
खांद्यावर घेऊन वर नेतो.
मध्यकाला कुणी उचलून घेत नाही.

कोर्टहाउसच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
एकोणीस वर्षं मी हे घर शोधतेय.

वरून सरकारी आकडा येतो, ब्याण्णव घरांना विचारून काढलेला:
एकावन्न हजार दोनशे, अधिक-उणे सहा हजार नऊशे.
पाहुणे निघताना म्हणतात ना,
काही अधिक-उणं झालं असेल तर माफ करा,
तसा.

विचारलं तरी लोक हातचा राखून सांगतात.
ऑर्विल सेड्लाचेक फोनवर म्हणाला,
"कुठल्या वर्षाचं सांगू? बायको नोकरीला होती त्या,
की माझा ट्रक नाल्यात गेला त्या?"
मग मी माझ्या हिरव्या वहीत अंदाज बांधते.
प्रोपेनची टाकी वर्षात किती वेळा भरली.
व्हरांड्यातला दिवा किती वाजेपर्यंत.
कुणाच्या मुलाने शाळेचा बँड सोडला.

एकोणऐंशी सालचं रजिस्टर पुठ्ठ्याचं आहे.
त्यात पंधरा हजार चारशे लिहिलंय, शाईपेनने.
त्या डॉलरला आजच्या डॉलरचे कपडे चढवायचे
तर सूत्र आहे, सोपं आहे.
पण तेव्हा डोटीच्या काउंटरवर
कॉफी आणि चेरीचा पाय साठ सेंटला मिळे.
डोटीचा काउंटर बंद झाला. सर्वात जवळचा पाय
आता सत्तेचाळीस मैलांवर.
जायचं पेट्रोल सूत्रात कुठे धरू?

दोन हजार नऊमध्ये मध्यक चार हजारांनी वाढला.
कमिशनर खूश. साप्ताहिकात पहिल्या पानावर, फोटोसकट.
त्या वर्षी अंड्यांचा कारखाना बंद पडला होता.
रांगेचं खालचं टोक उठलं,
गाद्या टपावर बांधल्या,
मुलांची नावं शाळेतून काढली
आणि निघून गेलं.
मागे राहिलेल्यांपैकी कुणाला एक छदाम जास्त मिळाला नव्हता.
मी तळटीप लिहिली.
ती छापताना जागेअभावी गळली.

लव्हॉन आणि डेल टिट्येन वेगळे झाले
तेव्हा एका घराची दोन झाली
आणि काउंटी कागदावर थोडी गरीब झाली.
दोघंही मला अजून नाताळचं कार्ड पाठवतात.

फेब्रुवारीत अर्नेस्टीन पोकॉर्नी गेली.
वहीत तिचं घर खालून तिसरं.
अकरा हजार आठशेची पेन्शन,
त्यातलं किती पक्ष्यांच्या दाण्यावर जायचं ते मला माहीत आहे,
कारण दुकानात माझ्या पुढे तीच उभी असे.
मी रेघ मारली.
चौदाशे दहा.
रांग अर्ध्या घराने सरकली, मध्यक तेवीस डॉलरनी वर.
तेवीस.
खोडरबर घेऊन मी बराच वेळ बसले.
गणित बरोबर होतं.

आता संख्या सम. मधे एक घर नाही, दोन आहेत.
एक शाळेत स्वयंपाक करणाऱ्या थोरा लिंडक्विस्टचं,
दुसरं उत्तरेला, बावीस मैलांवर,
पवनचक्क्या दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांचं.
दोन्ही कमाया मिळवायच्या, दोनाने भागायचं.
जे उत्तर येतं
त्या उत्तरात कुणी राहत नाही.

संध्याकाळी मी त्याच रस्त्याने घरी जाते.
बीटाची शेतं, कुंपण, एक पाटी, परत कुंपण.
समोरून एक पिकअप येतो.
चालवणारा स्टीयरिंगवरून दोन बोटं उचलतो.
मीही उचलते.
इथे सगळेच सगळ्यांना उचलतात,
त्यावरून काही अंदाज बांधता येत नाही.