तक्रारीचा रकाना

अमळनेरच्या दवाखान्यात माझं काम नोंदवहीचं.
नाव, वय, गाव,
आणि चौथा रकाना: तक्रार.
दीड इंच रुंद आहे तो. मोजलाय मी
एका दुपारी, पेशंट नव्हते तेव्हा.

डॉक्टर नागपूरकडचे, अहिराणी कळत नाही,
म्हणून मी मध्ये बसतो.
"आठे दुखस," म्हणतो पातोंड्याचा निंबा आप्पा
आणि अख्ख्या छातीवरून हात फिरवतो.
मी विचारतो,
ठणका आहे? की चमक निघते?
कळ येऊन जाते, की ठसठसत राहतं?
की नुसतीच भगभग?
आप्पा डोळे मिटून आत बघतो,
बाजारात माणूस खिशातली नोट चाचपतो तसा,
आणि म्हणतो, "हां. ठसठस."

आता मला सांगा,
ती ठसठस आधीपासून होती,
की मी दिली?

दवाखान्यावरच्या खोलीत श्रीनिकेत राहायचा,
तत्त्वज्ञान शिकायला आलेला, पुस्तकांवर चहाचे डाग.
म्हणायचा, "काका, शब्द नसेल तर अनुभव नसतो,
नुसता गोंगाट असतो."
असेल बुवा, मी म्हणायचो,
गोळ्या मोजता मोजता.
मग एका रात्री नळाजवळच्या विटांतून
विंचू निघाला.
त्याच्या तोंडून जे आलं
ते मराठी नव्हतं, कुठलंच नव्हतं,
आणि तरी समोरचे कुत्रेसुद्धा उठून बसले.
इंजेक्शननंतर तासाभराने म्हणाला,
"लिहून घ्या काका. विजेसारखं.
नाही, विजेसारखं नाही. जळल्यासारखं.
तेही नाही. खोडा."
मी खोडलं.
वहीतली सगळ्यात खरी नोंद तीच असावी,
पण वाचता येत नाही.

लहानपणी चिंचेवरून पडलो होतो मी.
गुडघ्याची साल निघालेली, रक्त बघत बसलो होतो,
मुंगळा बघावा तसं.
माय धावत आली, म्हणाली, "ठणकस का रे?"
आणि तेव्हा ठणकायला लागलं.
तिने ठणका आणला नव्हता.
पण दार तिनेच उघडलं.

रेमली आली ती जिनिंगच्या हंगामात,
केसांत कापसाचा भुगा,
सातपुड्यातल्या कुठल्याशा पाड्यावरची.
पावरी बोलत होती. मला येत नाही.
मी माझी सगळी यादी हातवाऱ्यांनी विचारली:
टोचतं? मुरडतं? जळतं?
ती मान हलवत राहिली, नाही, नाही,
आणि एकच शब्द तीनदा म्हणाली.
मग तिने मूठ धरली,
पोटावर नाही, छातीवर नाही,
अंगापासून अर्ध्या हातावर, हवेत,
आणि हळूहळू उघडली, मिटली. उघडली, मिटली.

दुखणं तिथे होतं.
मी खुर्ची मागे सरकवली,
त्याला धक्का लागू नये म्हणून.
रकान्यात तिचा शब्द लिहिला, ऐकला तसा.
डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?"
"तक्रार," मी म्हणालो.
त्यांनी पित्ताची गोळी दिली.

आठ दिवसांनी ती परत आली.
मी तोच शब्द प्रश्नासारखा उच्चारला,
आणि रेमली हसली, पदर तोंडाशी धरून,
सोबतच्या बाईला सांगून पुन्हा हसली.
काय म्हणालो असेन मी कोण जाणे, शेळी, की सासू.
मग तिने तो नीट म्हणून दाखवला,
मधल्या अक्षरावर जीभ जरा रेंगाळवत.
मी म्हणालो. तिने मान हलवली, नाही.
मी पुन्हा म्हणालो.

पित्त गेलं का, ते विचारायचं राहून गेलं.
हंगाम संपला, ती गेली.

आता कधी कधी रात्री
वही मिटून दिवा घालवताना,
सुरतेकडची गाडी लांब शिटी देत निघून गेल्यावर,
माझ्यापासून अर्ध्या हातावर
काहीतरी उघडतं, मिटतं.
दुखत नाही.
माझ्याच बाबतीत घडतंय
हेही खात्रीने सांगता येणार नाही.
मी बसून राहतो.
ठणका का, चमक का,
काही विचारत नाही त्याला.