वंगण

मशीन उघडली की आधी वास येतो,
मग माणसं.

ही माझ्या टेबलावर किती वेळा आली, मोजलं नाही.
काळी, जड, मानेवरची सोनेरी वेल निम्मी उडालेली.
पायथ्यावर कोरलेला आकडा मला झोपेतही म्हणता येईल.
पहिल्यांदा आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा,
सेआराहून तीन दिवस तीन रात्री बसमध्ये अंग आखडून
साओ पावलोत उतरलेला,
नखांत अजून तिकडची माती.

मेंडेल झास्लावस्की दुकानात शिरत नसत.
उंबऱ्यावरूनच म्हणत, "खोकतेय."
आईनं लिथुआनियाहून बोटीतून आणली, सांगायचे.
एकदा म्हणाले, छे, सांतोसच्या बंदरात घेतली, जुनी.
मी दोन्ही खरं धरलं.
त्यांच्याकडे शनिवारी मशीन बंद.
आठवड्यातून एक दिवस विसावणाऱ्या मशीनचा पट्टा
वेगळाच झिजतो,
हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

मुलगे दातांचे डॉक्टर झाले.
दुकान गेलं, दुकानासोबत ही गेली
नोह बोकसून बाईंकडे.
बाई सोलहून आलेल्या, पोर्तुगीज मोजून चाळीस शब्द,
त्यातले तीस घासाघिशीचे.
भाव तळहातावर लिहून दाखवायच्या,
माझा आकडा थुंकी लावून पुसायच्या.
शनिवार संपला. रविवारही संपला.
बेअरिंग दोनदा बदललं.

तेव्हाच कधीतरी तळाच्या पत्र्याला आतून
एक चिठ्ठी चिकटलेली सापडली.
पेन्सिलीची अक्षरं, उभ्या रेघा, गोल, चौकोन.
दोऱ्याच्या ताणाचं माप असणार, मी ठरवलं.
दर खेपेला ती अलगद सोडवायचो,
पुसायचो, होती तशी परत लावायचो.
तेलानं कागद इतका पारदर्शक झाला
की पलीकडून माझं बोट दिसे.
बावीस वर्षं मी तो स्क्रू
त्या चिठ्ठीला स्मरून पिळला.

आज ती नाइदा चोकेवांकानं आणली,
पाठीला बांधून, पोर बांधतात तशा रंगीत फडक्यात.
खरं पोर हात धरून मागे.
तिनं काही सांगितलं नाही, फोन पुढे केला:
मशीनचा कण्हण्याचा आवाज, रात्री दोनचा,
मागे कुणीतरी आयमारात शिव्या देतंय, किंवा अंगाई.
पोरगं टेबलाखाली स्क्रू वेचत बसलं.
बाहेरून कुणी हाक मारली, "ए बायानो!"
मी बायिया पाहिलेलंसुद्धा नाही.
उत्तरेकडून आलेल्या सगळ्यांना इथे तेच नाव.
पन्नास वर्षं मी ओ देतोय.

पत्रा काढला. चिठ्ठी दिसली.
नाइदा वाकली आणि तिच्या ओठांतून
ती अक्षरं एकेक करून बाहेर पडली.
कोरियन. मी बघतच राहिलो.
सात वर्षं होते कारखान्यात त्यांच्या, ती म्हणाली,
पोर्तुगीज नंतर शिकले.

मग हसायला लागली.
पोरगं टेबलाखालून वर आलं, कशाला हसतेस विचारत.

"काय लिहिलंय?"

"तेल कमी.
हा माणूस फार तेल घालतो."

मीही हसलो असेन.
बोकसून बाई गेल्याला सहा हिवाळे झाले.
त्यांच्या चाळीस शब्दांत "तेल" होता,
"कमी" तर सगळ्यात आधीचा.
मग तोंडावर का नाही म्हणाल्या?
की म्हणाल्या होत्या, आणि मला वाटलं
पैशांबद्दल बोलतायत?

नाइदाच्या पिशवीत शंभर कॉलर,
शंभर छोट्या पट्ट्या त्यावर टाचायच्या,
"ब्राझीलमध्ये बनवलेले."
उद्या सकाळी सातला द्यायच्या आहेत, म्हणाली,
निम्मे पैसे आज, निम्मे शुक्रवारी.
चिठ्ठी मी परत लावली, जागच्या जागी.

तेलाची कुपी उचलली.
ती माझ्या हाताकडे बघत होती.
एक थेंब. दोन. तीन.
चौथा टोकाशी आला,
तिथेच धरून ठेवला.