भागतंय

गावाचं नाव लिहितात स्लेथवेट,
बोलतात स्लॉविट.
मधली अक्षरं कधी गळली, कुणी विचारत नाही.
गळणं असंच असतं.
माझ्या सत्तावन्न सालच्या फटफटीच्या
मागच्या सांध्यातलं वंगणही असंच गेलेलं.

तीन खोकी आणि एक सांगाडा,
एवढ्याला मी फटफटी म्हणत होतो.
विनया नुसतं 'ती' म्हणायची, नाव न घेता.
बेरिंगं बरी निघाली. सील मात्र बोट लागताच
शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं
आणि चुरा झालं.
करणारा कारखाना बंद, बाकीच्यांकडे माप नाही:
आत बावीस, बाहेर पस्तीस, जाडी चार.

आधी सायकलची ट्यूब कापली.
आठवड्यात ती ग्रीस पिऊन फुगली.
मग कोल्हापुरी चपलेचा तळ.
तो बसवतानाच करकरला.
आमच्याकडे हा आवाज ऐटीचा,
इथे झिजेचा.

विनिफ्रेड सायक्स, वय एक्याऐंशी,
गावच्या बँडची वाद्यं दुरुस्त करते.
तिने चपलेची चकती नाकाशी धरली, बाजूला ठेवली.
"लोकर हवी."
खणातून काढला बुरणुसासारखा जाड फेल्ट;
कॉर्नेटची खुंटी दाबल्यावर खट्‌ वाजू नये
म्हणून ती ह्याचेच वायसर घालते.

कात्रीने कापलं, तर भोक एका अंगाला गेलं.
मग तिने मेलेल्या ट्युबाची एक नळी घेतली,
तिच्यात युफोनियमची नळी उभी केली,
मधली फट गुंडाळलेल्या कागदाने ठासून भरली,
कागद कुठल्याशा नाताळच्या स्वरलिपीचा,
आणि दोन्ही नळ्यांच्या ओठांना कानशीने धार लावली.
"पितळ मऊ. चार वार सोसेल.
पाचवा मारू नकोस."

फेल्ट चरबीत भिजवून गोठवायचा, ही युक्ती बाबांची.
मिरजेच्या एस.टी. डेपोत फ्रीजर कुठला,
सरबतवाल्याकडची बर्फाची लादी असायची.
ते कधी 'दुरुस्त झालं' म्हणाले नाहीत.
बोळ्याला हात पुसत म्हणायचे, "भागतंय."
तहान भागते, भूक भागते,
साताऱ्याच्या गाडीचंही भागतं.
भागून जी बाकी उरे, ती ते खिशात टाकत:
स्प्रिंगचा तुकडा, अर्धा वायसर.

रात्री मटारांच्या पिशवीशेजारी
चरबीचा चौकोन गोठत पडला.
"हे खायचंय का?" विनयाने विचारलं.
सकाळी हातोडा. एक. दोन.
तिसऱ्याला पितळ दुमडायला लागलं.
चौथा मी श्वास रोखून मारला.

सांध्यात ग्रीस, ग्रीसवर कडं.
आतलं आत राहावं, बाहेरचं बाहेर,
एवढंच त्याने करायचं.
मला ते कधी धड जमलेलं नाही.

रविवारी विनिफ्रेड मागे बसली,
भावाचं हेल्मेट, कपाळावर घसरणारं.
माळावरचा रस्ता, मेंढ्या, दगडी बांध,
चाळीस मैल, त्यातले तीस पावसात.
उतरल्यावर तिने गुडघे टेकले,
सांध्याभोवती बोट फिरवून उजेडात धरलं.
डावीकडे कोरडं.
उजवीकडे किंचित काळी ओल.
"घामेजलंय," म्हणाली. "गळत नाही."

मी म्हणालो, भागतंय.
तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.
भ जड गेला, त वळला,
'बागटंय' झालं.
मी दुरुस्त केला नाही.

बाकी उरल्या चार चकत्या,
कड्यांच्या पोटातून निघालेल्या, नाण्याएवढ्या.
गरम पाण्यात चरबी उतरवून
स्वयंपाकघरातल्या माझ्या खुर्चीच्या पायांना चिकटवल्या.
आता ओढली तरी फरशीवर आवाज येत नाही.
विनया ओट्याकडून वळते आणि दचकते:
"तू कधीपासून बसलायस इथे?"