डोळे उघडलेलं फळ

दिवाळीला आठ दिवस असतात तेव्हा
लेतूबाई टेकाम पोडावरून खाली उतरते.
डोक्यावर टोपलं, टोपल्यावर पळसाची पानं,
पानांखाली माझं मरण.
"घे वं आशाबाई,
दोन दिसांत डोये उघडतीन याहीचे."

मी गावची आशा.
माझ्या पिशवीत साखर तपासायचं यंत्र,
पट्ट्यांची डबी, सुया, कापूस
आणि पाणी पडून फुगलेलं एक रजिस्टर.
तेवीस जणांची बोटं मी टोचते,
तेवीस जणांना सांगते,
भात कमी करा, चालत जा,
अन् सीताफळाकडे तर पाहूसुद्धा नका.
पुंजाराम डंभारे हसतो.
"मी सीताफय खाऊन मेलो, बाई,
तं लेकरं म्हनतीन, बुढा गोड मेला."

चोविसावं नाव रजिस्टरात नाही.
ते फक्त घाटंजीच्या डॉक्टरला ठाऊक आहे.
त्यानं माझ्या डोळ्यात उजेड टाकला
आणि बराच वेळ आत पाहत राहिला,
जसं कुणी विहिरीत पडलेली बादली शोधतं.
पडद्यावर ठिपके आहेत म्हणाला.
खाण्यावर ताबा ठेवा, तुम्हाला मी काय सांगणार.
खरंच, मला तो काय सांगणार होता.

पाच घेतली. वीस रुपये.
गव्हाच्या कोठीत माच घातला,
वरून जुनं लुगडं दाबलं.
येताजाता हात आत घालून
अंगठ्यानं हलकेच दाबून पाहायचं.
गर्भार बाईचं पोट तपासतानाही
माझा हात इतका हळू नसतो.

नवरा जागलीवर गेला.
यंदा रानडुकरं तुरीत शिरलीत.
पोरगी झोपली.
मी मागच्या दारात, नहाणीच्या दगडावर बसले
आणि दिवा लावला नाही.
दिव्याची गरजच नव्हती.
फळाचे सगळे डोळे उघडे होते,
खवल्याखवल्यांतून पांढुरकं काही बघत होतं माझ्याकडे,
आणि मला हल्ली
रजिस्टरातला सहा आणि आठ वेगळा दिसत नाही.

दोन अंगठे लावले, फळ फाकलं.
रवाळ, गार, डोंगराच्या सावलीची चव.
जिभेनं एकेक बी सोडवायची,
टाळूला घासायची, चोखायची,
हातावर घ्यायची, काळी, गुळगुळीत.
आई ह्याच बिया वाटून
आमच्या केसांना लावायची, उवांसाठी,
वर फडकं घट्ट बांधायची आणि बजावायची,
डोळ्यात जाऊ देऊ नका, पोरींनो, डोळा जातो.
आत साखर, मधे विष,
आणि माणूस म्हणे फक्त गर खातो.

एक खाल्लं.
मग दुसरंही.
मोजल्या तर एकेचाळीस बिया.
इतक्या गोळ्या मी दोन आठवड्यांत खाते.

दोन तासांनी स्वतःचं बोट टोचलं.
अंधारात रक्त काळंच असतं.
यंत्रानं पाच आकडे उलटे मोजले
आणि तीनशे अठरा दाखवलं, हिरव्या उजेडात,
अगदी स्पष्ट. हे मात्र मला दिसलं.
रजिस्टर उघडलं. चोवीस लिहिलं.
नावापुढे नाव.
पुढच्या रकान्यात छापलंय, 'सल्ला दिला का'.
हो, लिहिलं.
त्यापुढचा रकाना तसाच राहिला.
लेखणी मी बराच वेळ धरून होते.

रात्रभर उठून पाणी प्याले.
उरलेली तीन, सकाळी देऊन टाकते,
असं कोठीला सांगितलं.
कोठी काही बोलली नाही.

सकाळी पुंजारामच्या ओट्यावर.
साबणानं दोनदा धुतलेले माझे हात,
त्याचं वाळकं बोट,
सुईची टोपी काढली, तेवढ्यात त्यानं
माझा हात धरून नाकाजवळ नेला.
डोळे मिटले. सुनेकडे एकदा पाहिलं,
ती चुलीशी होती.
मग बोट पुढे करत हळूच म्हणाला,
"पिकलं वाट्टे."