अर्धविराम

बावधनच्या ऑफिसात, रात्री पावणेबाराला,
तोच कॉल पुन्हा पडतो.
वेल्ह्याच्या दवाखान्यातली जुनी डबी
हेडरमधला एक अर्धविराम गाळते,
आणि आमचं सॉफ्टवेअर, नियमाला धरून,
चारशेचा आकडा तिच्या तोंडावर फेकतं.

खांबेटे म्हणतात, चूक त्यांची.
मानकात स्वच्छ लिहिलंय.
लिहिलंय खरं.

बार्शीहून नवी आले तेव्हा
मेसवाल्या काकूंकडे मी ‘पानी’ मागितलं.
त्यांनी आधी माझा ‘ण’ नीट केला,
मग तांब्या पुढे सरकवला.
तेवढा वेळ तहान
उभी होती, पाहुण्यासारखी.

एक ओळ लिहिते :
अर्धविराम नसला, तर आहे असं समज.
वर टीप : हे चूक आहे. माहीत आहे.
आपण पाठवताना मात्र
प्रत्येक चिन्ह जागच्या जागी.

“आणि उद्या कुणी स्वल्पविराम खाल्ला तर?”
खांबेट्यांचं बरोबर आहे.
उत्तर नाही माझ्याकडे.

बारा वाजून चार मिनिटांनी घंटी.
रात्रपाळीच्या सिस्टर, वाऱ्यातून :
“हालू, आवाज येतुया का?”

“यायलाय की,” मी म्हणते,
“बोला.”