तांबडं आधी जातं

पौड रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात
मी दिवसभर लोकांना विचारते,
हे स्पष्ट दिसतं, की हे?
सहाला शटर ओढते
आणि टेकडीमागच्या बंद खाणीत जाते.
तिथे गोमा हिलमनं
पोत्यात जुनी पोती कोंबून
एक डुक्कर उभं केलंय.
तोंड नाही. शेपटीच्या जागी सुतळी.
पुढच्या पायामागे, चार बोटं वर, गेरूची टिकली.

पहिल्या दिवशी माझं धनुष्य त्यानं हातात घेतलं,
हप्त्यांवर आणलेलं, नेमाची पिन लावलेलं.
उलटसुलट करून म्हणाला,
"हेच बघतंय की सगळं. मग तू काय करायचं?"
आणि आपला कामठा पुढे केला.
बांबूचा. घायपाताच्या वाखाची दोरी.
मुठीपाशी कातडं
तीन माणसांच्या घामानं काळं.

उजेड असतो तोवर तो नुसता बिडी ओढतो.
चांदणी चौकाकडचे दिवे लागले की उठतो.
जनावर याच वेळेला पाण्यावर येतं,
बापानं सांगितलेलं.
आता पाण्यावर कोणी बसत नाही,
कायदा आहे,
आणि आजाचं रान तर मुळशीच्या धरणाखाली.
गोमा रात्री बावधनच्या सोसायटीत गेटवर असतो,
शिट्टी, काठी, वही.
"मारायचं न्हाई," म्हणतो,
"पन येळ चुकवायची न्हाई."

तांबडं आधी जातं.
गेरूची टिकली काळी पडते, मग पोत्यात मुरते.
मी हे शिकलेय, परीक्षेत लिहिलंय:
अंधारात डोळ्याचा मध्य आंधळा होतो,
कडा जाग्या राहतात.
गोमा म्हणतो,
"टिकलीकडं बघू नको. जरा बाजूला बघ.
लाजरी असती ती. रोखून बघितलं की जाती."

मग बोटं सुटतात. तीर दिसत नाही.
थप् म्हणजे पोतं.
टण् म्हणजे दगड.
बॅटरी लावायची नाही.
कोंबड्याच्या पांढऱ्या पिसांवरून
गुडघ्यांवर रांगत
आपापले तीर गोळा करायचे.
माझ्या दहातले सात टण्.
त्याचे दहाच्या दहा
कोणीतरी उशी झटकावी तसे.

पण दिवसाउजेडी एकदा
बिडी पेटवताना काडी दोनदा चुकली,
आणि मला त्याच्या बुबुळात
दुधाची साय दिसली.
दोन्हीकडे.
दुकानात आणून खुर्चीवर बसवला.
पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षर दाखवलं.
"धूर," म्हणाला.
गाड्यांचे नंबर ड्रायव्हरलाच विचारून लिहायचा,
तीन वर्षं.
म्हणजे भर दुपारी बारालाही
त्याला दिवेलागणच होती.
आणि मी समजत होते,
आम्ही एकाच वेळेला उभे राहतो.

शिबिरात उजव्या डोळ्याचं झालं. फुकट.
महिन्यानं खाणीत आला, काळा चष्मा खिशात,
दिवे लागायची वाट पाहिली, कामठा ओढला.
टण्.
टण्.
तिसऱ्याचा आवाजच नाही.
बराच वेळ तो पोत्याकडे बघत राहिला.
"लई दिसतंय," म्हणाला.
"सुतळीचा पीळ दिसतोय. मागच्या घाणेरीचं पान न् पान दिसतंय.
समदी मधे येऊन उभी ऱ्हायलीत."

डाव्याची तारीख मिळालीय, मंगळवारची.
कागद मीच आणून दिला.
घडी करून त्यानं तो वहीत ठेवला,
त्याच्या स्वतःच्या अक्षरातल्या
एमएच बारा, एमएच चौदाच्या ओळींमध्ये.
"एवढा एक ऱ्हाऊ दे," म्हणाला.
मी समजावलं. वाढत जाईल, पिकेल, मग अवघड होईल.
भिंग बदलून पुन्हा विचारलं,
सवयीनं,
हे बरं, की हे?
"त्ये दिसायला बरं," गोमा म्हणाला.
"ह्ये बघायला."

मंगळवारला अजून चार दिवस आहेत.
आज उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून आला.
मी काही बोलले नाही.
आधी तो तिसरा तीर शोधायचा होता.
आम्ही दोघं घाणेरीत हात घालून,
काटे लागत,
पांढरं काही हाताला येतंय का बघत.